गोविंदराव टेंबे आणि आपली पेटी

वाचकहो, तुमच्या गावात पेटी किती आहेत, हे कधी मोजले आहे काय? मी लोखंडी पेटीबद्दल विचारीत नाही, सुरांच्या पेटीबद्दल विचारतो आहे. शिरूर तालुक्यातले भीमाकाठचे कोरेगाव घ्या. पुणे–नगर रस्त्यावरचे हे गाव. इथे देवळात एकादशीच्या रात्री भजनाला बसतात तेव्हा पखवाजाच्या शेजारी पेटी असते. १ जानेवारीला जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी लांबलांबून माणसे येतात, त्यांत गायन पार्ट्या असतात आणि भीमगीते गाणाऱ्या गायकाच्या पुढ्यातही पेटीच असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात पेटी, कीर्तनात पेटी, कव्वालीत पेटी. एका मंडपातले गाणे दुसऱ्या मंडपात चालायचे नाही, पण वाद्य तेच चालते. इतके सर्वांच्या घरचे झालेले दुसरे वाद्य मला तरी सांगता येत नाही.

आणि तरीही या वाद्याला आकाशवाणीवर एकतीस वर्षे मज्जाव होता. १ मार्च १९४० ला नभोवाणीने पेटी बंद केली, ती १९७१ पर्यंत. ज्या केंद्राच्या पुस्तिकेत तुम्ही हे वाचीत आहात त्याच संस्थेची ही गोष्ट आहे, म्हणून ती आडपडदा न ठेवता सांगितलेली बरी.

ही बंदी आली तेव्हा महाराष्ट्रात एक मनुष्य असा होता की ज्याने आपल्या तारुण्यातली उत्तम वर्षे या पेटीतून ख्याल गायकी काढण्यात घालविली होती. त्यांचे नाव गोविंद सदाशिव टेंबे. नाटकवाले त्यांना संगीतकार म्हणून ओळखतात, सिनेमावाले नट म्हणून आणि ग्रंथालयातले लोक लेखक म्हणून. मला आज सांगायचे आहे ते पेटीवाल्या गोविंदरावांविषयी.

पण त्याआधी पेटी म्हणजे काय ते नीट पाहू. शिक्षकबंधूंना हा भाग वर्गात सांगण्याजोगा वाटेल.

पेटी मूळची आपली नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं नावाच्या कारागिराने १८४० च्या सुमारास हार्मोनियम बनविली. ती पायाने भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवायची. ज्या लहान ख्रिस्ती देवळांना मोठा ऑर्गन परवडत नसे त्यांची ती सोय होती. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेब लोकांबरोबर ती हिंदुस्थानात आली. आपण मांडी घालून बसणारी माणसे. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिचे पाय काढले, भाता मागच्या बाजूला आणला आणि एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने पट्ट्या अशी बैठी पेटी तयार केली. आतली रचना अगदी साधी आहे. पितळेच्या चौकटीत पितळेचीच एक पातळ जीभ बसविलेली असते, तिलाच पेटीवाले ‘सूर’ म्हणतात. पट्टी दाबली की त्या सुराखालचे भोक उघडते, भात्यातला वारा तिथून सुटतो, जीभ थरथरते आणि नाद उमटतो. जीभ लांब असली तर नाद खालचा, आखूड असली तर वरचा. बस, एवढेच.

या साधेपणातच तिचे बळ आहे. सतार किंवा सारंगी पावसाळ्यात हवा बदलली की उतरते, कार्यक्रमाआधी अर्धा तास खुंट्या पिळाव्या लागतात. पेटी बैलगाडीतून आणा, एस.टी.च्या टपावरून आणा, झाकण उघडले की ती आपली तयार. तिचा आवाज मोठा. संगीत नाटकाचा जन्म १८८० सालचा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ त्या वर्षी पुण्यात रंगभूमीवर आले. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. नटाला शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवावा लागे आणि त्या आवाजाला धरून राहणारे, त्याच्याइतकेच खणखणीत वाद्य हवे असे. सारंगी गोड खरी, पण तिचा आवाज बारीक. शिवाय ती कोठीवरची म्हणून घरंदाज लोक तिला नाके मुरडीत. सारंगियांचा त्यात काही दोष नव्हता, ती समाजाची खोड होती. पण त्या खोडीचा फायदा पेटीला झाला हे मात्र खरे.

आता तिचा दोष. हा दोष समजल्याशिवाय गोविंदरावांचे मोठेपण समजायचे नाही.

सप्तकातले बारा स्वर पेटीत पक्के बसविलेले असतात आणि ते एकमेकांपासून सारख्या अंतरावर ठेवलेले असतात. युरोपात वेगवेगळ्या पट्ट्यांतून वाजविण्याच्या सोयीसाठी ही तडजोड केली गेली. आता हिशोब पाहा. षड्जाची कंपने सेकंदाला २४० धरली तर आपला नैसर्गिक शुद्ध गंधार त्याच्या सव्वा पटीवर, म्हणजे ३०० वर येतो. तंबोरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो तो हाच गंधार. पेटीतला गंधार मात्र ३०२ च्या थोडा वर असतो. सव्वादोन-अडीच कंपनांचा फरक, तो काय म्हणून धरायचा, असे तुम्ही म्हणाल. तर करून पाहा. शाळेतल्या पेटीवर सा आणि ग एकदम दाबा, भाता संथ चालवा आणि कान द्या. नादात एक बारीक थरथर ऐकू येईल. मग सा आणि प दाबा. पंचम नैसर्गिक ३६० चा, पेटीतला ३५९.६ चा. फरक नावापुरता, म्हणून थरथर जवळजवळ नाहीशी होते आणि नाद शांत वाटतो. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. स्वर म्हणजे मोजता येणारी वस्तू आहे हे त्यांना कानानेच पटते.

दुसरा दोष मिंडेचा. गवई एका स्वरावरून दुसऱ्यावर जातो तो पायऱ्या चढून जात नाही, घसरगुंडीवरून गेल्यासारखा जातो. सतारीला तार ओढून, सारंगीला बोट सरकवून ही मिंड काढता येते. पेटीला दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाहीच. आणि तिसरी अडचण ही की तोडीतला कोमल गंधार आणि दुसऱ्या रागातला कोमल गंधार हे तंतोतंत एका ठिकाणी नसतात. गवयाचा गळा आपोआप खालीवर होतो. पेटीची पट्टी बिचारी होती तिथेच राहते.

हे दोष पुष्कळांनी दाखविले होते. आनंद कुमारस्वामींनी १९०९ मध्ये, इंग्रज पंडित फॉक्स स्ट्रॅंगवेज यांनी १९१४ मध्ये पेटीवर टीका केली. आपल्याकडे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर श्रुतींच्या मोजमापात आयुष्यभर गढून गेले होते. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढले आणि क्लेमंट्स नावाच्या न्यायाधीश साहेबांच्या साहाय्याने श्रुतींची पेटी विलायतेहून बनवून आणण्याची खटपट केली. ती पेटी बैठकीत रुळली नाही. इतक्या पट्ट्या सांभाळून ताना घेणार कोण? अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी वेगळ्या युक्तीने पुन्हा तयार केली आहे, ती ऐकण्याजोगी आहे. पण देवलांच्या काळात प्रश्न तसाच राहिला. वाद्य बदलणे जमत नाही म्हटल्यावर वाजविणाऱ्यालाच काहीतरी करणे भाग होते.

तो वाजविणारा कोल्हापुरात वाढत होता. गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. बालपण कोल्हापुरात गेले. त्या वेळचे कोल्हापूर म्हणजे गाण्याचे माहेर. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँसाहेब होते. देवल क्लब नावाची संस्था होती, तिथे चांगले गाणे कानावर पडे. (हा देवल क्लब निराळा, मघाचे श्रुतीवाले देवल निराळे. नामसाम्याने घोटाळा होतो म्हणून सांगितले.) गोविंदरावांना पेटीची गोडी लागली ती कोणी हात धरून शिकविले म्हणून नव्हे. बहुतेक आपले आपणच ते शिकले आणि देवल क्लबमुळे आपल्याला संगीताची वाट दिसली असे ते कृतज्ञतेने सांगत. पुढे भास्करबुवा बखले यांच्याकडून त्यांना मार्गदर्शन मिळाले आणि बुवांची साथ करता करता त्यांचा हात तयार झाला.

साथ करणे म्हणजे काय, हे शहरातल्या श्रोत्यालाही पुष्कळदा माहीत नसते. गवई काय गाणार ते साथीदाराला आधी ठाऊक नसते. गवयाच्या तोंडून स्वर निघाला की तो कानाने टिपायचा आणि पापणी लवते न लवते तोच बोटाने उमटवायचा, तोही गवयाच्या पुढे न जाता, त्याला झाकून न टाकता. गवई श्वास घ्यायला थांबला की ती रिकामी जागा भरायची, पण स्वतःचे शहाणपण न दाखविता. असे वर्षानुवर्षे केले की दुसऱ्याच्या गायकीचा विचार आपल्या बोटांत उतरतो. भास्करबुवांसारख्या गवयाच्या मागे बसून गोविंदरावांना हेच शिक्षण मिळाले. कोणत्याही शाळेत ते मिळाले नसते.

अल्लादियाखाँसाहेबांचा त्यांनी रीतसर गंडा बांधला नव्हता, तरी गुरू मानले ते त्यांनाच. खाँसाहेबांची जयपूर घराण्याची गायकी ही ऐकायला सुंदर आणि उचलायला महाकठीण. लयीला घट्ट चिकटून चालणारी, स्वरांची गुंफण वेलीसारखी वळणे घेणारी, जोडरागांची आवड असणारी. ही गायकी पट्ट्यांवर आणण्याचे गोविंदरावांनी मनावर घेतले. तोवर पेटी म्हणजे गवयाच्या मागची सावली किंवा नाटकातली पदे वाजविण्याचे साधन. तिने एकटीने बैठक मांडावी, राग मांडावा, ख्यालाचा विस्तार करावा आणि लोकांनी तासभर ऐकावे, हा विचारच नवा होता.

मिंड नाही, मग काय केले? पेटीचे जाणकार सांगतात ते असे. इथे सारी करामत दोन हातांची आहे. एक हात भात्यावर. सामान्य वाजविणारा भाता पंख्यासारखा हलवीत राहतो; गायकी अंगाचा वादक तो गवयाच्या छातीसारखा वापरतो. स्वर लावताना वारा कमी, वाढविताना हळूच जास्त, सोडताना पुन्हा बारीक. त्यामुळे एकाच पट्टीतला नाद जिवंत माणसाच्या आवाजासारखा फुगतो आणि ओसरतो. दुसरा हात पट्ट्यांवर. तिथे मुख्य स्वराच्या आधी शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श देतात, त्याला कण म्हणतात. आणि पहिली पट्टी पूर्ण सुटायच्या आत दुसरी धरली जाते, म्हणजे मधली फट कानाला जाणवत नाही. मिंड तिथे नसते, पण ऐकणाऱ्याचे मन ती स्वतः पुरी करते. चित्रकार चार रेघांत घोडा काढतो तेव्हा उरलेला घोडा आपणच पाहतो, त्यातला हा प्रकार आहे.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला असाच एक मुलगा असाच उद्योग करीत होता. त्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती शेजारी ठेवली की गोविंदरावांची अधिक उमजते.

स्पेन देशात आंद्रेस सेगोविया नावाचा वादक होऊन गेला. जन्म २१ फेब्रुवारी १८९३, लिनारेस गावी, म्हणजे गोविंदरावांपेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याचे वाद्य गिटार. आपल्याकडे गोव्यातल्या घराघरांतून गिटार दिसते, पण स्पेनमध्ये त्या काळी ते गुत्त्यातले, हजामाच्या दुकानातले, नाचगाण्यातले वाद्य मानीत. जशी आपल्याकडे ढोलकी आणि तुणतुणे म्हटले की काही लोकांच्या कपाळाला आठ्या पडत, तसेच. घरच्यांना मुलाने हे वाद्य हातात धरलेले पसंत नव्हते. गुरू मिळाला नाही. आपणच आपले गुरू आणि आपणच शिष्य, असे तो पुढे अभिमानाने सांगे. १९०९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ग्रानादा शहरात त्याने पहिला जाहीर कार्यक्रम केला. नंतर माद्रिद, १९२४ मध्ये पॅरिस, १९२८ मध्ये न्यूयॉर्क.

त्याच्यापुढे दोन अडचणी होत्या. एक, गिटारचा आवाज लहान. मोठ्या सभागृहात तो कसा पोचायचा? तेव्हा तारा आतड्याच्या असत आणि त्या तुटत. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कच्या ऑगस्टिन नावाच्या कारागिराबरोबर त्याने नायलॉनच्या तारा प्रचारात आणल्या. आज अभिजात गिटारीवर दिसतात त्या त्याच. दुसरी अडचण, या वाद्यासाठी भारदस्त रचनाच नव्हत्या. त्याने नामवंत रचनाकारांच्या मागे लागून गिटारसाठी लिहून घेतले आणि जुन्या थोरांच्या रचना गिटारवर उतरविल्या. बाख या जर्मन संगीतकाराची ‘शाकोन’ ही एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली अवघड रचना त्याने १९३५ मध्ये पॅरिसला गिटारवर वाजविली. लोक आधी हसले असतील, पण ऐकल्यावर गप्प बसले. तो चौऱ्याण्णव वर्षे जगला आणि जवळजवळ अखेरपर्यंत कार्यक्रम करीत राहिला. २ जून १९८७ ला तो वारला तेव्हा गिटार जगातल्या संगीत विद्यालयांत शिकविली जात होती.

सेगोवियाची एक गोष्ट मला पटत नाही. गुत्त्यातल्या वादकांच्या तावडीतून आपण गिटार सोडविली असे तो पुनःपुन्हा म्हणे. अहो, त्या गुत्त्यातल्या वादकांनीच ती जिवंत ठेवली होती! त्यांनी ती टाकून दिली असती तर सोडविणार काय? गोविंदरावांच्या ठायी असा तिरस्कार मुळीच नव्हता, आणि याचा पुरावा त्यांच्या नाटकांतच आहे.

१९११ च्या मार्च महिन्यात किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. तोवर नाटककार स्वतःच पदांना चाली नेमून देई. ‘मानापमाना’ला मात्र चाली देण्याचे काम गोविंदरावांकडे सोपविले गेले, आणि संगीतदिग्दर्शक नावाचा वेगळा माणूस मराठी नाटकाला खऱ्या अर्थाने मिळाला तो इथे. त्यांनी चाली आणल्या कुठून? उत्तरेकडच्या ठुमरी, दादरा, होरी, कजरी या प्रकारांतून. बैठकीत, गाणाऱ्या बायकांच्या तोंडून जे ऐकले होते ते त्यांनी मराठी शब्दांना लावले आणि बालगंधर्वांच्या गळ्यात दिले. ज्या घरांतून कोठीवर जाणे निषिद्ध होते त्या घरांतल्या आयाबहिणी त्या चाली ओटीवर बसून गुणगुणू लागल्या. समाजाने एका दाराने जे बाहेर घालविले ते दुसऱ्या दाराने आत आले, आणि कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. याच ‘मानापमाना’चा १९२१ मधला बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी झाला, त्याच्या आठवणी जुनी माणसे पुढे कितीतरी वर्षे सांगत.

पेटीच्या माणसाला हे कसे साधले, याचे उत्तर पेटीतच आहे असे मला वाटते. गवई स्वतःच्या घराण्यात राहतो. साथीदाराला आज या गवयामागे, उद्या त्या गवयामागे बसावे लागते. दहा दिशांचे गाणे त्याच्या बोटांवरून वाहून जाते. चाली वेचायला याहून चांगली जागा कोणती?

पुढची हकीकत भराभर सांगतो. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. दोन वर्षांत गोविंदराव तिच्यातून बाहेर पडले आणि १९१५ मध्ये त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी उभी केली. तीत ते मालक, नट, संगीतकार सगळेच होते. नाटक मंडळी चालविणे म्हणजे पदरी हत्ती बाळगणे. पन्नास-पाऊणशे माणसांचे जेवणखाण, बिऱ्हाडे, पडदे, पोशाख, आज या गावी तर उद्या त्या. मग बोलपट आला. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ काढला. तीत दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या, राजा हरिश्चंद्र झाले गोविंदराव, आणि संगीतही त्यांचेच. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हे नवे काम अंगावर घेतले.

१९३९ मध्ये त्यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तक आले. गाण्यावर मराठीत लिहिणारे पुष्कळ आहेत, परंतु ज्याने गवयाच्या मागे बसून रात्री जागविल्या त्याचे लिहिणे निराळे. शिक्षकांनी हे पुस्तक मिळवून जरूर वाचावे. अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्रही त्यांनी लिहिले. खाँसाहेब आपल्या विद्येबद्दल फार मिताक्षरी. त्यांच्याविषयी आज जी माहिती मिळते तिच्यातला मोठा भाग या शिष्य न म्हणविलेल्या शिष्यामुळे राहिला आहे.

परंतु या साऱ्या उद्योगांत पेटी मागे पडली, आणि मला सेगोविया आठवतो तो इथे. त्याने आयुष्यभर एकच वाद्य उराशी धरले. गोविंदरावांच्या अंगी इतके गुण होते की एकालाच सगळा वेळ मिळाला नाही. नाटकाला संगीतकार मिळाला, बोलपटाला नट मिळाला, मराठीला लेखक मिळाला. पेटीला मात्र तिचा पहिला मोठा माणूस अर्धाच मिळाला. काहींना हे म्हणणे कृतघ्नपणाचे वाटेल. चांगल्या चाली दिल्या हे थोडे झाले काय, असे ते म्हणतील. थोडे नाहीच. तरी पण, पाठोपाठ तीस वर्षे त्यांनी गावोगाव पेटीच्याच बैठकी केल्या असत्या, तर १९४० ची बंदी इतक्या सहज घालता आली असती का, असा विचार मनात येतो.

आता त्या बंदीकडे वळू. त्या वेळी हिंदुस्थानच्या नभोवाणीचे प्रमुख लायोनेल फील्डन हे इंग्रज गृहस्थ होते. दिल्ली केंद्रावर जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार होते, त्यांनी पेटीविरुद्ध लिहिले होते. हिंदी संगीताच्या श्रुती आणि मिंडी ही पेटी मारून टाकते, असे त्यांचे म्हणणे. रवींद्रनाथ ठाकूरांचाही पेटीला विरोध होता आणि तो त्यांनी नभोवाणीला कळविला. परक्यांनी आणलेले वाद्य परक्यांनीच, आपल्या संगीताच्या प्रेमापोटी, बाहेर काढले, असा हा उलटा न्याय झाला! स्वराज्य आले, तरी बंदी उठली नाही. उलट, परदेशी वाद्य म्हणून तिच्यावर आणखी एक आरोप आला. व्हायोलिनही परदेशीच, पण त्याला कोणी अडविले नाही, कारण त्यावर मिंड निघते.

बंदी घालणारे मूर्ख नव्हते. मघाशी आपण गंधाराचा हिशोब केला, तो खोटा नाही. नवशिक्या मुलाने केवळ पेटीवर गळा तयार केला तर त्याचे कान पेटीच्या गंधारालाच खरा मानू लागतात, हे कोणताही चांगला गवई सांगेल. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की मुलांना प्रार्थना पेटीवर शिकवा, पण आठवड्यातून एकदा तरी तंबोऱ्यावर गाऊ द्या. तंबोरा नसेल तर पेटीचा नुसता षड्ज धरून बाकीचे स्वर त्यांना गळ्याने शोधू द्या.

पण दोष असलेले वाद्य सुधारायला सांगणे वेगळे आणि त्याला दाराबाहेर बसविणे वेगळे. १९४० मध्ये खेडोपाडी गाणे टिकून होते ते कशाच्या आधाराने? सारंगिये किती गावांत होते? भजनी मंडळाला, शाहिराला, शाळामास्तराला परवडणारे, न उतरणारे, एकट्याने वाजविता येणारे वाद्य पेटीशिवाय कोणते होते? नभोवाणीवर ते बंद झाले, म्हणजे खेड्यातल्या माणसाने आपल्या देवळातला आवाज नभोवाणीवर कधी ऐकायचाच नाही, असा त्याचा अर्थ झाला. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाले. आपल्या भागाला ते जवळचे वाटले, पण तिथेही पेटी नव्हतीच. पु. ल. देशपांडे हे त्या दशकात आकाशवाणीत कामाला होते. स्वतः पेटी किती सुरेख वाजवीत ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. घरी वाजवायची आणि कचेरीत तिला जागा नाही, असा तो काळ होता.

गोविंदराव ९ ऑक्टोबर १९५५ ला गेले. आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे त्यांनी आपल्या वाद्याला नभोवाणीचे दार बंद असलेले पाहिले, ते उघडलेले काही त्यांना पाहायला मिळाले नाही. त्यासाठी आणखी सोळा वर्षे लागली. १९७१ मध्ये बंदी उठली तीही साथीपुरती आणि अटी घालून. पेटीच्या स्वतंत्र वादनाला आकाशवाणीवर जागा मिळायला त्याहून कितीतरी अधिक काळ जावा लागला.

मधल्या काळात पेटी मेली नाही. गोविंदरावांनी दाखविलेल्या वाटेवर माणसे चालतच होती. पी. मधुकर यांनी पेटीच्या एकल वादनाचे कार्यक्रम लोकप्रिय केले, त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांनी ती विद्या पुढच्या पिढीला दिली. बेळगावला रामभाऊ विजापुरे होते. नाट्यसंगीताच्या साथीला गोविंदराव पटवर्धन होते, आणि अप्पा जळगावकरांची साथ असली की मोठमोठे गवई निर्धास्त असत. यांपैकी प्रत्येकाचा हात निराळा, पण पेटी गाऊ शकते ही गोष्ट सिद्ध करीत बसण्याची त्यांना गरज राहिली नव्हती.

या लोकांच्या ध्वनिमुद्रिका आज सहज ऐकायला मिळतात. ऐकाल तेव्हा एकच करा. बोटांच्या चपळाईकडे लक्ष देऊ नका, ती कोणालाही दिसते. स्वर लागल्यानंतर तो कसा वाढतो आणि सोडताना कसा विरतो, म्हणजे भाता कसा चालतो, तिकडे कान ठेवा. मग एकादशीला तुमच्या गावच्या पेटीमास्तरांकडे पाहा. त्यांच्यात एखादा असा निघतो की त्याला कोणी शिकविलेले नसते आणि भाता मात्र तो बरोबर चालवितो.

आणि गोविंदरावांना प्रत्यक्ष पाहायचे असेल तर तेही शक्य आहे. ‘अयोध्येचा राजा’ची प्रत सुदैवाने टिकून राहिली आहे, त्या काळचे बहुतेक बोलपट नाहीसे झाले असताना. चित्र जुने, आवाज थोडा खरखरीत. हरिश्चंद्राच्या वेषात, कधी मुकुट घातलेला, कधी राज्य गमावलेला असा जो गृहस्थ त्यात बोलतो आणि गातो, ते गोविंदराव टेंबे. वय तेव्हा पन्नास.